वाचकांचे प्रश्न : दूधसागरची एक दिवसाची सहल

गणेशोत्सव आटोपून दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की या सदराकडे दूधसागर धबधब्याविषयीची पत्रे येऊ लागतात. गोव्याच्या धारबांदोडा तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेला लागून, भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीत मांडवी नदी सुमारे 310 मीटर उंचीवरून चार टप्प्यांत खाली येते, तो हा धबधबा. कुळे गावातून स्थानिक चालकाच्या जीपने, वनखात्याच्या नियमांत राहून, एका दिवसात तिथे जाऊन यावे लागते. आलेल्या पत्रांपैकी ज्यांचा उपयोग इतरांनाही होईल असे प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही घरातील सहा जण दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून स्वतःच्या गाडीने दूधसागरला जाणार आहोत. बरोबर अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. मुलगी आठ वर्षांची आहे. गाडी कुठपर्यंत जाते? सासूबाईंना नेता येईल का? सकाळी निघून रात्री परत येणे जमेल का? (एक वाचक भगिनी, कोल्हापूर)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे बेत त्यावर ठरतील. कोल्हापूरहून बेळगाव, खानापूर, रामनगर, अनमोड घाट या मार्गाने मोले सुमारे 200 किलोमीटर पडते आणि तिथून कुळे अगदी जवळ आहे. घाटातील रस्ता पावसाळ्यानंतर कसा राहिला आहे त्यावर चार-पाच तास सहज जातात. म्हणजे पहाटे निघालात तरी कुळ्याला पोहोचेपर्यंत ऊन चढलेले असेल, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्या वेळेपर्यंत जीपच्या तिकीटखिडकीसमोरची रांग बरीच लांबलेली असते. रांगेत दोन-तीन तास, मग जीपचा प्रवास, मग धबधब्यापाशी वेळ, मग परतीचा प्रवास, आणि त्यानंतर अंधारात अनमोड घाट, असा दिवस आठ वर्षांच्या मुलीला आणि सासूबाईंना सोसणारा नाही. आदल्या दिवशी दुपारी निघून मोले, कुळे किंवा फोंडा परिसरात मुक्काम करावा आणि सकाळी खिडकी उघडायच्या सुमारास कुळ्याला हजर राहावे. एका मुक्कामाचा खर्च वाढेल, पण तो या सहलीत सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपली गाडी कुळ्यालाच ठेवावी लागते. तिथून पुढचा सुमारे दहा-बारा किलोमीटरचा रस्ता राष्ट्रीय उद्यानातून जातो आणि त्यावर खासगी वाहनांना परवानगी नाही. स्थानिक जीपमालकांच्या संघटनेच्या जीपगाड्या क्रमाने सुटतात. एका जीपमध्ये सात प्रवासी बसवतात. आपण सहा जण आहात, तेव्हा पूर्ण जीप घ्यावी की एका अनोळखी प्रवाशाला सोबत घ्यावे हे आधी घरात ठरवून ठेवा. जीपचे भाडे, वनखात्याचे प्रवेशशुल्क, कॅमेऱ्याचे शुल्क आणि लाइफ जॅकेटचे भाडे हे वेगवेगळे असू शकते. दर हंगामागणिक बदलतात आणि ऑनलाइन नोंदणीच्या व्यवस्थेतही गेल्या काही वर्षांत बदल झाले आहेत, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात चौकशी करा आणि खिडकीवर लावलेल्या फलकावरचा दरच खरा माना. रस्त्यात गाडी अडवून "थेट नेतो" म्हणणाऱ्या माणसाला पैसे देऊ नका. पुरेशी रोख रक्कम जवळ असू द्या, कारण मोबाइलने पैसे देणे तिथल्या नेटवर्कवर अवलंबून आहे आणि जंगलात शिरल्यावर नेटवर्क नाही असे धरूनच चालावे.

आता सासूबाईंविषयी. जीपचा प्रवास एका बाजूचा पाऊण तासाच्या आसपास असला तरी तो डांबरी रस्त्यावरचा नाही. दगडगोट्यांचा, खाचखळग्यांचा मार्ग आहे आणि वाटेत तीन ठिकाणी जीप पाण्यातून पलीकडे काढावी लागते. पाण्याच्या काठाशी चालक क्षणभर थांबतो, पुढच्या जीपच्या चाकांभोवती पाणी कुठवर चढते ते पाहतो, आणि मग पहिल्या गिअरमध्ये, मध्ये कुठेही न थबकता, एका चालीत गाडी पलीकडे नेतो. ऑक्टोबरमध्ये पाणी पायरीपर्यंत येते, कधी पायाखालच्या पत्र्यावरही सांडते. लहान मुलांना हा भाग फार आवडतो, पण ज्यांना कंबरेचा, मणक्याचा त्रास आहे त्यांना प्रत्येक हिसका जाणवतो. गरोदर स्त्रियांनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी हा प्रवास करूच नये. गाडीतळापासून धबधब्याच्या कुंडापर्यंत सुमारे एक किलोमीटर पायी जावे लागते. सुरुवातीची वाट बरी आहे, शेवटचा टप्पा मात्र मोठमोठ्या गुळगुळीत धोंड्यांवरून जातो आणि तिथे हाताला धरायला काही नसते. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो, आणि परतीच्या वाटेवर तो उतार याच धोंड्यांवरून आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की सासूबाईंना दूधसागरच्या जीपमध्ये बसवू नये, पण या जंगलापासून वंचितही ठेवू नये. याच अभयारण्यात तांबडी सुर्ला येथे महादेवाचे कदंबकालीन मंदिर आहे. बाराव्या-तेराव्या शतकातले हे देऊळ संपूर्ण काळ्या दगडाचे असून चारही बाजूंनी रान आणि शेजारी वाहती नदी आहे. आपली गाडी देवळाच्या बरीच जवळ जाते आणि पुढची वाट सपाट आहे. घरातील एकाने सकाळी सासूबाईंसोबत तिथे जावे, बाकीच्यांनी दूधसागर करावा आणि दुपारी सर्वांनी मोल्याला एकत्र जेवावे. धबधबा दुरून तरी पाहावा अशी त्यांची इच्छा असेल, तर रेल्वेचा पर्याय पुढे एका उत्तरात दिला आहे.

मुलीसाठी एवढेच सांगतो. तिला मापाचे लाइफ जॅकेट मिळते का हे जीप सुटण्यापूर्वीच कुळ्याला पाहून घ्या, आणि पायांत चपला न घालता मागे पट्टा असलेली, रबरी तळ असलेली पादत्राणे घाला.

प्रश्न : कळंगुटच्या हॉटेलात आम्हाला "दूधसागर, मसाल्याची बाग आणि जुन्या गोव्यातील चर्च" अशी एका दिवसाची मार्गदर्शकासह सहल सुचवली आहे. घेणे योग्य होईल का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : तीनही ठिकाणे पाहण्यासारखी आहेत, ती एका दिवसात पाहण्यासारखी नाहीत. उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावरून कुळे गाठायला दोन तास लागतात आणि तेवढेच परतायला. जीपची रांग किती लांब असेल हे कोणताही आयोजक आधी सांगू शकत नाही. परिणामी वेळ कमी पडू लागला की कात्री धबधब्यापाशीच्या तासा-दीड तासाला लागते आणि ज्यासाठी एवढे आलो तिथून घाईने उठावे लागते. फोंड्याजवळच्या मसाल्याच्या बागा कुळ्याच्या वाटेवर येतात, त्यामुळे धबधबा आणि बागेतले दुपारचे जेवण एवढी जोड चालू शकते. चर्च दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, कारण जुने गोवे पणजीपासून हाकेच्या अंतरावर आहे.

पैसे देण्यापूर्वी आयोजकाला काही गोष्टी लेखी विचाराव्यात. सांगितलेल्या रकमेत जीपचे भाडे धरले आहे की फक्त कुळ्यापर्यंतची गाडी, हा पहिला प्रश्न. अनेकांचा गैरसमज इथेच होतो, कारण हॉटेलची गाडी कुळ्याला थांबते आणि तिथून पुढे सर्वांना स्थानिक जीपच घ्यावी लागते. वनखात्याचे शुल्क आणि लाइफ जॅकेट त्यात आहे का, धबधबा त्या दिवशी बंद ठेवला तर पैसे परत मिळतात का, आणि "मार्गदर्शक" म्हणजे नेमके कोण, हेही विचारा. किनाऱ्यावरून सोबत येणारा माणूस बहुधा फक्त हजेरी घेणारा असतो. खरा मार्गदर्शक कुळ्याचा जीपचालक असतो. त्याला कोणत्या ओढ्याला काल किती पाणी होते हे ठाऊक असते आणि वाटेत कुठे शेकरूचे घरटे आहे हेही ठाऊक असते. त्याच्याशी बोलत जा. मराठी त्याला उत्तम समजते आणि त्याच्या कोकणीतले बरेचसे आपल्यालाही कळते. सहल रंगते ती या बोलण्यातच.

प्रश्न : मी नियमित पोहणारा आहे आणि नदीत पोहण्याची मला सवय आहे. तरीही लाइफ जॅकेट घालावेच लागते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होय, आणि तो नियम आपल्यासारख्या पोहणाऱ्यांसाठीच अधिक महत्त्वाचा आहे. ज्याला पोहता येत नाही तो काठाशीच बसतो. धारेच्या दिशेने जातो तो पोहता येणारा. धबधब्याच्या पायथ्याशी पडणाऱ्या पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की ते पाणी शरीराला नेहमीसारखे वर उचलून धरत नाही, आणि पडणारी धार खालच्या बाजूला पाणी गोल फिरवत राहते. या फिरत्या पाण्यात सापडलेला माणूस कितीही तरबेज असला तरी त्याचे हातपाय मारणे वाया जाते. त्यातच कुंडाच्या तळाशी किती धोंडे आहेत आणि कुठे खोली एकदम वाढते, हे वरून दिसत नाही. पाणी थंड असते, जीपच्या उकाड्यातून येऊन एकदम उडी घेतली तर श्वास अडखळतो.

जॅकेटच्या पट्ट्या तपासून घ्या, तुटलेली कडी असेल तर दुसरे मागा. जीवरक्षकांनी आखून दिलेल्या हद्दीपलीकडे जाऊ नका, आणि ज्या दिवशी पाण्यात उतरायला मनाई केली असेल त्या दिवशी वाद न घालता काठावर बसा. काठाशी पाण्यात पाय सोडून बसलात तर लहान लहान मासे येऊन पायांना हलकेच टोचू लागतात. तो अनुभवही पोहण्याइतकाच सुखाचा आहे. त्या माशांना बिस्किटे मात्र घालू नयेत.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. आठवी-नववीच्या मुलांना डिसेंबरमध्ये दूधसागरला नेण्याचा विचार आहे. पाण्याखेरीज तिथे मुलांना काय दाखवता येईल? वाघ, बिबटे दिसतात का? प्लास्टिकबाबत नियम कडक आहेत असे ऐकले. (एक वाचक भगिनी, रत्नागिरी)

उत्तर : आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण या सहलीत जंगल फक्त वाटेत लागते असे समजून बहुतेक जण जातात. मोले राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे 107 चौरस किलोमीटर आणि भोवतालच्या अभयारण्यासह ते 240 चौरस किलोमीटर आहे. गोव्याचा आकार लक्षात घेता हा फार मोठा हिरवा पट्टा आहे, आणि धबधबा जिवंत आहे तो या पट्ट्यामुळे. पावसाळा संपल्यावरही कित्येक महिने ही नदी वाहत राहते, कारण चार महिने पडलेले पाणी या जंगलाच्या जमिनीने धरून ठेवलेले असते आणि ते झऱ्याझऱ्यांतून हळूहळू सोडले जाते. मुलांना भूगोलात "पाणलोट क्षेत्र" शिकवताना फळ्यावर जी आकृती काढावी लागते, ती इथे प्रत्यक्ष दाखवता येते.

मोठे प्राणी दिसतील अशी आशा मुलांना लावू नका. बिबट्या, गवा, सांबर या रानात आहेत; गवा तर गोव्याचा राज्यप्राणी आहे. पण दिवसभर जीपगाड्यांची ये-जा असलेल्या मार्गावर ते कशाला येतील? त्याऐवजी मुलांना वर पाहायला शिकवा. शेकरू हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी इथे उंच झाडांच्या शेंड्यांवर दिसू शकतो. त्याची पाने-काटक्यांची गोल घरटी फांद्यांच्या टोकाला असतात आणि एकदा नजर बसली की मुलेच ती आपल्याआधी शोधू लागतात. धनेशाच्या पंखांचा आवाज पक्षी दिसण्यापूर्वी येतो. गळ्याशी लालसर केशरी रंग असलेला पिवळा बुलबुल हा गोव्याचा राज्यपक्षी आहे, तो ओढ्याकाठच्या झाडीत शोधावा. झाडांमध्ये किंदळ, ऐन, नाणा आणि बांबू ओळखायला सोपे आहेत. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी खवलेदार असते, हे एक वाक्य सांगितले की मुले ते झाड जन्मभर विसरत नाहीत.

दगडाकडेही लक्ष वेधा. आपल्याकडच्या सह्याद्रीत चढताना जो काळा बेसाल्ट सगळीकडे दिसतो तो इथे नाही. इथला कातळ ग्रॅनाइटच्या जातीचा, फिकट आणि कठीण आहे. तांबडी सुर्ल्याच्या देवळाचा काळा दगड या कातळाशेजारी मांडून पाहायला सांगा आणि तो कुठून आणला असेल असा प्रश्न मुलांनाच विचारा. ज्या पुलावरून धबधब्यासमोर रेल्वे जाते तो मार्ग 1880 च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीत, मुरगाव बंदर ब्रिटिश हद्दीतील रेल्वेला जोडण्यासाठी बांधला गेला. याच जंगलातून रेल्वेचा दुसरा रूळ टाकण्यासाठी वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, आणि त्यामागे गोव्यातील अनेक विद्यार्थ्यांनी व तरुणांनी चालवलेली चळवळ होती. आठवी-नववीच्या मुलांशी या विषयावर जरूर बोलावे.

प्लास्टिकचे नियम कडक आहेत आणि ते आणखी कडक असावेत असे मला वाटते. वननाक्यावर सामानाची तपासणी होऊ शकते. प्रत्येक मुलाकडे धातूची पाण्याची बाटली असावी. वेफर्सच्या पिशव्या, पाउच, डबाबंद पेये शाळेतूनच घेऊ देऊ नका. नियमाखेरीज आणखी एक कारण आहे, ते म्हणजे धबधब्याच्या वाटेवरची माकडे. पर्यटकांनी खाऊ घालून घालून त्यांना पिशवीचा आवाज ओळखायला शिकवले आहे. माकड धोंड्यावर स्तब्ध बसलेले असते, आपल्याकडे पाहतही नाही, आणि कुणी चुरचुर वाजणारी पिशवी काढली की दोन झेपांत ती हातातून गेलेली असते. बंद पाठपिशवीची साखळीही ती ओढतात. ओरडून किंवा पिशवी परत ओढून उपयोग नाही; चावा बसला तर सहल थेट दवाखान्यात संपते. त्यामुळे मुलांनी न्याहरी कुळ्याला उरकावी, जेवण परत आल्यावर घ्यावे आणि मधल्या काळात अन्न बाहेर काढूच नये.

शाळेची सहल असल्याने संख्या आधी कळवून, सात-सातचे गट पाडून, प्रत्येक जीपमध्ये एक मोठी व्यक्ती बसेल असे पाहा. डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा, कारण त्या दिवसांत सगळा देश गोव्यात असतो. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातील कामाचा वार उत्तम. तेव्हा पाणीही भरपूर असते, हवा स्वच्छ असते, आणि चालकालाही मुलांसाठी थांबून चार गोष्टी दाखवायला सवड मिळते.

प्रश्न : गोव्याच्या जंगलात माकडताप असतो असे वाचले. जावे की नाही? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : माकडतापाचे रुग्ण गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि शेजारच्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळलेले आहेत, त्यामुळे काळजी रास्त आहे, पण बेत रद्द करण्याचे कारण नाही. हा आजार गोचिडीच्या चाव्यातून होतो. नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत पाचोळ्यात गोचिडीची पिले असतात आणि रानात रोज पाला-लाकूड गोळा करणाऱ्यांना, काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना त्याचा धोका मुख्यतः असतो. दिवसाच्या पर्यटकाने मळलेली वाट सोडू नये, पाचोळ्यावर बसू किंवा आडवे होऊ नये, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, परतल्यावर गरम पाण्याने अंग घासून आंघोळ करावी आणि कपडे लगेच धुवावेत. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता चालकाला किंवा वनरक्षकाला सांगावे. परतल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना आपण जंगलात गेलो होतो हे आवर्जून सांगावे.

प्रश्न : आम्ही मित्र जुलैत कॅसलरॉक किंवा कुळ्याहून रेल्वेच्या रुळांवरून चालत दूधसागरला जाण्याचे ठरवत होतो. आमच्यापेक्षा मोठ्या मुलांनी पूर्वी हे केले आहे. आता खरोखरच बंदी आहे का, की नुसते फलक लावले आहेत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : खरोखर बंदी आहे आणि तिची अंमलबजावणी होते. रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जुलै 2023 मध्ये नेत्रावळी अभयारण्यातील मैनापी धबधब्यावर दोघे जण बुडाल्यानंतर गोव्यात अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास मनाई करण्यात आली. त्याच महिन्यात रुळांवरून दूधसागरकडे निघालेल्या तरुणांच्या मोठ्या जमावाला पोलिसांनी अडवले, आणि दूधसागर डब्यातूनच पाहावा असे आवाहन रेल्वेने जाहीरपणे केले.

परंतु दंड चुकवता येईल का, असा विचार आपण करत असाल तर कायदा बाजूला ठेवून त्या मार्गाचा विचार करा. कुळे ते कॅसलरॉक हा घाट भारतातील अवघड रेल्वेघाटांपैकी एक आहे. दर 37 मीटरला एक मीटर असा चढ तिथे सतत आहे, बोगद्यामागून बोगदे आणि वळणामागून वळणे आहेत. घाट चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात, आणि उतरणाऱ्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर असतो. अशी गाडी समोर माणूस दिसला म्हणून जागच्या जागी थांबत नाही. जुलैत धबधब्याचा आवाज एवढा असतो की शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, धुके आणि तुषार यांमुळे वळणापलीकडचे दिसत नाही, आणि बोगद्यात किंवा पुलावर बाजूला व्हायला जागा नसते. ज्यांनी पूर्वी हे केले आणि सुखरूप परतले त्यांचे अनुभव आपल्यापर्यंत आले. ज्यांचे काही बरेवाईट झाले, त्यांच्या घरच्यांनी ते कुणाला उत्साहाने सांगितलेले नाही.

पावसाळ्यात जीपमार्गही बंद असतो, साधारण जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत, कारण ज्या तीन ठिकाणी जीप पाण्यातून जाते तिथे तेव्हा नदी दुथडी भरून वाहते. पाऊस लांबला तर ऑक्टोबरचे पहिले दिवसही हातचे जातात. यात वनखात्याचा आडमुठेपणा नाही. गेल्या वर्षी हा दिवस उघडा होता म्हणून यंदाही असेल, असे गृहीत धरून आगाऊ पैसे भरू नका.

पावसाळ्यातला दूधसागर पाहायचाच असेल तर एकच मार्ग आहे आणि तो सुंदर आहे. मडगाव ते लोंढा या मार्गावर दिवसाउजेडी घाट ओलांडणारी गाडी वेळापत्रकात शोधा. पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा असे गोव्याकडे येणारी गोवा एक्सप्रेस हा घाट रात्रीच्या अंधारात उतरते. परतीच्या दिशेने मात्र ती दुपारी निघत असल्याने उजेड असतो. गाडी पुलावरून जाते तेव्हा धबधबा जवळजवळ डब्याला लागून कोसळतो आणि खिडकीतून तुषार आत येतात. तिथे गाडी थांबली तरी खाली उतरू नका, दारात लटकू नका, आणि मोबाइल धरलेला हात बाहेर काढू नका. पहिल्या उत्तरातील सासूबाईंसाठीही हाच पर्याय सुचवायचा होता. पावसाळा संपल्यावरही नोव्हेंबरपर्यंत गाडीतून दिसणारे दृश्य उत्तम असते.

प्रश्न : मुलांच्या परीक्षा संपल्यावर मे महिन्यातच सुट्टी मिळते. तेव्हा जाण्यात अर्थ आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : जीपगाड्या मे महिन्यात साधारणपणे चालू असतात, पण धबधब्याची धार तोपर्यंत बारीक झालेली असते आणि छायाचित्रांत पाहिलेला पांढरा विस्तार दिसत नाही. नागपूरहून एवढा लांबचा प्रवास केवळ धबधब्यासाठी करणार असाल तर मी मे महिना सुचवणार नाही. नाताळच्या सुट्टीच्या आधीचे चार दिवस शाळेतून मागून घ्या. गोव्याला एरवीही येणारच असाल तर मात्र अवश्य जा. कुंडातले पाणी तेव्हा शांत आणि नितळ असते, लहान मुलांना काठाशी निर्धास्त खेळता येते, आणि उघड्या पडलेल्या कातळाचे चारही टप्पे वरपासून खालपर्यंत नीट दिसतात. सकाळची पहिली जीप धरा, कारण अकरानंतर त्या धोंड्यांवर पाय ठेववत नाही. वळिवाच्या पावसाने जंगलातला मार्ग एकाएकी बंद होऊ शकतो, तेव्हा निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणाहून कुळ्याला फोन करून विचारून घ्या.